व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग विकायला आली आहे. कारखान्यातूनच तशी निघालेली की नंतर केलेली, कसं तपासू?

जुनेलोखंड (धागालेखक)

नमस्कार मंडळी. आठ दिवस डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून धागा काढतोय.

एका ओळखीच्या माणसाकडून निरोप आला की एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग विकायची आहे, जाहिरात अजून बाहेर गेलेली नाही, बघायची असेल तर आत्ताच बघा. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजच्या कारखान्यात १९४८ ते १९५२ या काळात खास शर्यतीसाठी बनवलेली ९९८ सीसीची जुळ्या सिलिंडरची मोटारसायकल. दिवे नाहीत, स्टँड नाही, वजन साधारण १७० किलो. सगळ्या मिळून जेमतेम तीसेक बनल्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकन शर्यतपटू रोली फ्री नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर, पोटावर आडवा होऊन अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १५०.३१३ मैल गेला, ती गाडी म्हणजे हिचीच आद्य आवृत्ती.

विक्रेत्याने आत्तापर्यंत इतकं पाठवलंय: गाडीचे बारा फोटो, एका शर्यतीचा कृष्णधवल फोटो, त्याच शर्यतीची छापील कार्यक्रमपत्रिका, आणि आधीच्या मालकाचं टंकलिखित पत्र. ‘ही कारखान्यातून लाइटनिंग म्हणूनच आली आणि पहिल्या मालकाने ती लगेच शर्यतीत उतरवली’ असं पत्रात म्हटलंय. इंजिन नंबरच्या आधी एफ१०एबी/१सी असं ठोकलेलं दिसतं. लाइटनिंगला हेच हवं, एवढं मला माहीत आहे.

दोन आठवड्यांत हो-नाही कळवायचंय. सुरुवात कुठून करू?

कार्ब्युरेटर

आधी एक काम करा, इसार देऊ नका. बयाणा एकदा गेला की माणूस गाडी खोटी ठरू नये अशी मनातून प्रार्थना करायला लागतो आणि तपास तिथेच संपतो.

आता गाडीकडे. व्हिन्सेंटला नेहमीसारखी फ्रेम नसते. वर तेलाची टाकी हीच फ्रेमचा वरचा भाग, मध्ये इंजिन लटकलेलं, मागे वेगळी त्रिकोणी फ्रेम. त्यामुळे फ्रेमचे नंबर दोन, एक वरच्या भागावर आणि एक मागच्या फ्रेमवर. दोन्ही सारखे हवेत. आणि जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांमध्ये फ्रेमचा नंबर इंजिनाच्या नंबरपेक्षा १९०० ने जास्त असतो. म्हणजे इंजिन ३००० असेल तर फ्रेम ४९००.

तिन्ही नंबरांचे जवळून काढलेले फोटो मागवा. शिवाय इंजिनाच्या खालच्या बाजूचेही. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, दोन अर्धे कारखान्यात एकत्र बसवून भोकं पाडायचे, म्हणून दोन्हींवर जोडीचा एकच नंबर ठोकलेला असतो. एक अर्धा बदललेला असेल तर तिथे लगेच कळतं.

जुनेलोखंड

फोटो आले! वरच्या फ्रेमचा आणि इंजिनाचा फरक बरोब्बर १९००. क्रँककेसच्या जोडीचे नंबरही सारखे. मागच्या फ्रेमच्या नंबरवर रंगाचे जाड थर आहेत, शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत, पण आधीचे जुळतात.

वजाबाकी केली तेव्हा हात थरथरत होता, खरं सांगतो. (पूर्ण नंबर इथे टाकत नाही, विक्रेत्याने तशी विनंती केली आहे.)

धूळखातपडलेली

जुनेलोखंड, अभिनंदन आत्ताच नको. वजाबाकी जुळली म्हणजे इंजिन आणि फ्रेम एकाच दिवसापासून एकमेकांसोबत आहेत, इतकंच सिद्ध झालं. ही मोठी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण व्हिन्सेंटच्या रॅपिड (रस्त्यावरची), शॅडो (तिचीच जास्त वेगवान आवृत्ती) आणि लाइटनिंग तिघींचे नंबर एकाच ओळीत पडायचे. रॅपिडला एफ१०एबी/१, शॅडोला एफ१०एबी/१बी, लाइटनिंगला एफ१०एबी/१सी. म्हणजे अस्सल शॅडोचीही वजाबाकी अशीच जुळेल.

तुमचा सगळा प्रश्न आता एका अक्षरावर आलाय, ‘सी’. त्या एका अक्षराचा फोटो पाहिजे. समोरून फ्लॅश मारलेला अजिबात नको. खोलीत अंधार करून टॉर्च धातूला जवळपास टेकवायची आणि प्रकाश आडवा सोडायचा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा खालून. समोरच्या उजेडात जे सपाट दिसतं ते आडव्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखं उठून येतं.

वाचनखूण

मी गाड्यांमधली नाही, माझं काम जुन्या कागदपत्रांचं आहे. पण या धाग्यात जीव अडकलाय, म्हणून लिहिते.

सर्वांत महत्त्वाचा कागद तुमच्या विक्रेत्याकडे नाहीच. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक व्हिन्सेंटचा एक वर्क्स ऑर्डर फॉर्म असायचा. मॉडेल कोणतं, इंजिन-फ्रेमचे नंबर, कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली, काही वेगळं बसवलं असेल तर ते. हे फॉर्म आज व्हिन्सेंट एचआरडी ओनर्स क्लबकडे आहेत. त्यांना नंबरांचे फोटो पाठवून अर्ज करा. पत्रात ‘ही लाइटनिंग आहे का?’ असं विचारू नका. ‘या नंबरची गाडी कोणतं मॉडेल म्हणून निघाली?’ असं विचारा.

दुसरं, आधीच्या मालकाचं पत्र. त्यावर तारीख आहे का? गाडी शर्यतीत धावत असताना लिहिलंय की विकायच्या वेळी? तीस वर्षांनी लिहिलेलं पत्र खोटंच असेल असं नाही, पण लिहिणाऱ्याला ती गोष्ट कुणाकडून कळली हे त्यात असायला हवं. ‘मी स्वतः नवी घेतली’ आणि ‘मला सांगितलं गेलं की’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं, कार्यक्रमपत्रिकेत चालकाचं नाव, गाडीचा मेक, सीसी आणि शर्यतीचा क्रमांक एवढंच असतं. इंजिन नंबर कुणी छापत नाही. म्हणून पत्रिका एकटी काहीच सांगत नाही. फोटोतल्या पाटीवरचा क्रमांक आणि पत्रिकेतला क्रमांक एकच आहे का, हे पाहिलंत का?

आणि तो शर्यतीचा फोटो मोठ्या आकारात स्कॅन करून मागवा. छपाईच्या पाठीमागची बाजूसुद्धा. फोटोग्राफरचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला अंक, डिंकाचे डाग, सगळं.

जुनेलोखंड

वाचनखूण ताई, मनापासून आभार. क्लबला आजच लिहिलं. पत्रिका आणि फोटो दोन्हींत क्रमांक एकच आहे, आत्ताच पडताळलं. पत्रावर तारीख नाही. आणि पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं, त्यात ‘नवी घेतली’ कुठेच नाही. ‘कारखान्यातून लाइटनिंग म्हणून आलेली आहे असे समजते’ असं वाक्य आहे. पहिल्यांदा वाचताना ‘असे समजते’ माझ्या नजरेतून निसटलं होतं.

एकसिलिंडर

मी ठेच खाल्लेला माणूस आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी बीएसए कंपनीची गोल्ड स्टार मोटारसायकल घेतली. विक्रेत्याचं नाव घेत नाही. इंजिन नंबर डीबीडी३४जीएसने सुरू होणारा, फ्रेम सीबी३२ची. कागदावर सगळं चोख. मी विचारलं, इंजिन आणि फ्रेमचे आकडे वेगळे का? विक्रेता म्हणाला, गोल्ड स्टारचे कधीच सारखे नसतात. हे अगदी खरं आहे. व्हिन्सेंटला १९०० चं गणित तरी आहे, गोल्ड स्टारला तेही नाही. कोणतं इंजिन कोणत्या फ्रेममध्ये गेलं हे फक्त कारखान्याच्या रवानगी-नोंदीत सापडतं. पण त्या एका खऱ्या उत्तरावर मी इतका भाळलो की नोंदी मागवायच्या राहूनच गेल्या.

गाडी घरी आल्यावर एक दिवस तेल गळतंय म्हणून खाली आडवा झालो. गोल्ड स्टारच्या फ्रेमची उजवीकडची खालची नळी तेलाच्या पंपाला जागा द्यायला एका ठिकाणी वाकवलेली असते. ही तिची जन्मखूण. माझ्या गाडीची नळी सरळ होती. पंपापाशी तिला खाच पाडून आतून पत्रा डाखला होता, आणि वर सुंदर काळा रंग. दुसऱ्याच बीएसएची फ्रेम, नंबर घासून नव्याने ठोकलेला.

उठलो नाही मी लगेच. तसाच पडून राहिलो, तेल कपाळावर टपकत होतं.

तेव्हा सांगायचं हे की नंबर सगळ्यात शेवटी बघा. नंबर ठोकायला हातोडी आणि अक्षरांचा संच पुरतो. नळीचं वळण, ओतकामाचा पोत, कारखान्याने केलेलं आणि आज कुणाला परत करावंसं वाटणार नाही असं काम, तिथे गाडी खरं बोलते.

निळीचाके

सगळं वाचलं. थोडा वेगळा सूर लावतो. शर्यतीच्या गाडीत सुटे भाग मूळचे असणं हेच आधी जरा विचित्र. रात्रीत इंजिन बदलायचे, पडल्यावर फ्रेम बदलायची, कारखाना बिननंबरी क्रँककेस द्यायचा आणि मेकॅनिक जुना नंबर त्यावर ठोकायचा. नेमबाजीच्या सरावासाठीचं बिनमाणसाचं विमान (लक्ष्य-ड्रोन) उडवायला व्हिन्सेंटने लाइटनिंगच्या धर्तीवर पिकॅडोर नावाचं इंजिन बनवलं होतं, त्याचे भागसुद्धा पुढे शर्यतीच्या गाड्यांत आले. प्रत्येक बदल म्हणजे फसवणूक नव्हे. कोणी कधी बदललं आणि तसं सांगितलं का, एवढंच विचारायचं.

कार्ब्युरेटर

निळीचाके, पूर्ण सहमत.

जुनेलोखंड

टॉर्चचे फोटो आले. धाग्यावर टाकलेत, फक्त अक्षराचा भाग कापून. मला एकट्याला निर्णय करवत नाही, तुम्ही बघा.

धूळखातपडलेली

बघितले. तीनदा. मग दुसऱ्या पडद्यावर मोठे करून बघितले.

उजवीकडून उजेड टाकलेला तिसरा फोटो उघडा. ‘सी’ची पाठ गोल असते, डावीकडे तिला कोपरा नसतो. इथे गोलाईच्या बाहेर, डावीकडे वर आणि खाली, केसाएवढी दोन टोकं दिसतात. अगदी पुसट. ‘बी’ची पाठ सरळ असते आणि तिला नेमके असेच दोन कोपरे असतात. आता ‘सी’च्या उघड्या तोंडात बघा, मध्यभागी एक छोटा खळगा आहे. ‘बी’ची दोन पोटं जिथे भेटतात ती जागा.

शिवाय आकड्यांच्या आजूबाजूला ओतकामाचा खरखरीत पोत आहे, त्या एका अक्षराभोवती मात्र नखाएवढा भाग गुळगुळीत. कानशीने खाली घेतलेला. बाकी सगळे आकडे अस्सल वाटतात मला, त्यांना कुणी हात लावलेला नाही.

माझं मत: ही शॅडो आहे. चुकत असेन तर क्लबचं उत्तर येईलच, आणि मला चुकायला आवडेल.

वाचनखूण

इकडे मी तो शर्यतीचा फोटो घेऊन बसले होते. मला गाड्यांचं कळत नाही म्हणून एक भाबडा प्रश्न विचारते. चालकाच्या हनुवटीखाली, हँडलच्या मध्यावर एक भलंमोठं गोल घड्याळ दिसतंय. ताटलीएवढं म्हणावं असं. विक्रेत्याच्या आजच्या फोटोंत तिथे लहान घड्याळ आहे. हे काय आहे?

कार्ब्युरेटर

ताई!! भाबडा कसला, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

ते पाच इंची स्मिथ्सचं स्पीडोमीटर. ताशी १५० मैलांपर्यंत आकडे असलेलं. ब्लॅक शॅडोची ओळखच ती. लाइटनिंगला स्पीडोमीटरचं काय काम? तिला इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर असायचा. म्हणजे त्या दिवशी, त्या शर्यतीच्या रांगेत, ही गाडी शॅडोचं घड्याळ डोक्यावर घेऊन उभी होती. बाकी सगळं बघा: दिवे काढलेले, सरळ नळकांड्यांचे एक्झॉस्ट, पायटे मागे नेलेले, एका माणसाची सीट. कुणीतरी रस्त्यावरची शॅडो घेऊन तिला शर्यतीसाठी सोललं होतं. घड्याळ तेवढं राहिलं.

एकसिलिंडर

मग इंजिनाच्या आत लाइटनिंगचं काय आहे तेही विचारा. लाइटनिंगला ३२ मिमीचे अमल टीटी कार्ब्युरेटर, व्हायब्रॅक पोलादाचे चकचकीत घासलेले कनेक्टिंग रॉड, मार्क दोन कॅम, ब्रेकच्या प्लेटा इलेक्ट्रॉन म्हणजे मॅग्नेशियमच्या. बाहेरून दिसणारं कुणीही विकत घेऊन बसवतं. रॉड बघायला इंजिन उघडावं लागतं, तिथे उगाच कुणी खर्च करत नाही. मागे कधी इंजिन उघडलं असेल तर त्या कामाचे फोटो किंवा बिलं असतील.

जुनेलोखंड

क्लबचं उत्तर आलं.

फॉर्मवर मॉडेल: ब्लॅक शॅडो. रवाना १९५१. इंजिन आणि दोन्ही फ्रेमचे नंबर विक्रेत्याच्या गाडीशी जुळतात. म्हणजे रंगाखालचे ते दोन आकडेही आता माहीत झाले. खास मागणीच्या रकान्यात काही नाही. पाठवणाऱ्या अधिकाऱ्याने एक ओळ वर लिहिली आहे: या गाडीबद्दल त्यांच्याकडे आधीही एकदा विचारणा झाली होती.

धूळखातपडलेली, तुमची नजर अचूक. वाईट वाटलं का? हो, पहिला तासभर खूप. नंतर तो फोटो पुन्हा उघडला. क्रमांक जुळतो, पत्रिका जुळते, चालक जुळतो, पाच इंची घड्याळसुद्धा फॉर्मशी जुळतं. पत्रातलं ‘कारखान्याची लाइटनिंग’ चुकीचं निघालं, पण ‘पहिल्या मालकाने शर्यतीत उतरवली’ हे बहुतेक खरं निघालं. इतकी वर्षं या गाडीची जी खरी गोष्ट होती ती एका खोट्या अक्षराखाली झाकली गेली होती, याचाच मला आता जास्त राग येतोय.

विक्रेत्याला काय आणि कसं कळवू?

वाचनखूण

सगळं जसंच्या तसं कळवा. क्लबचा फॉर्म, आडव्या उजेडातले फोटो, शर्यतीच्या फोटोतलं घड्याळ. ‘तुम्ही फसवलंत’ असं चुकूनही लिहू नका. अक्षर कधी बदललं हे आपल्याला ठाऊक नाही, त्यांनाही ठाऊक नसू शकतं. फक्त क्लबने लिहिलेली ती ओळ, आधी एकदा विचारणा झाल्याची, तीही सांगा. ते पुढे कुणाला काय म्हणून विकतील यावरून तुम्हाला कळेलच.

निळीचाके

आणि अक्षर परत ‘बी’ करून टाका असं कुणी सुचवलं तर कृपया नको. जे झालं ते धातूवर राहू दे. क्लबच्या नोंदीत लिहून ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला आठ दिवस जागावं लागणार नाही.

जुनेलोखंड

पाच दिवसांनी विक्रेत्याचं उत्तर आलं. लांबलचक आहे, सगळं टाकत नाही. त्यांनी ही गाडी लाइटनिंग म्हणूनच घेतली होती, आणि आधीची विचारणा त्यांची नव्हती, त्यांच्या आधीच्या मालकाची होती. म्हणजे ज्यांनी ‘असे समजते’ लिहिलं त्यांना बहुधा कळलेलं होतं. जाहिरात आता ‘१९५१ ची ब्लॅक शॅडो, सुरुवातीच्या काळातच शर्यतीसाठी लाइटनिंगच्या धर्तीवर बदललेली’ अशी जाणार आहे. गाडी आधी मला दाखवायचं त्यांनी कबूल केलंय.

पत्राच्या शेवटी एक फोटो होता. गॅरेजच्या फळीवर पत्र्याचा डबा, त्यात चिंधीत गुंडाळलेलं पाच इंची घड्याळ. काच तडकलेली, काटा शून्याच्या खाली लोंबतोय. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हे दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं असेल.

पुढच्या आठवड्यात बघायला जातोय. सोबत काय नेऊ?

धूळखातपडलेली

टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, पातळ ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल. तिन्ही नंबरांचे आणि क्रँककेसच्या जोडीचे ठसे कागदावर घासून घ्या, खाली तारीख घाला, विक्रेत्याची सही घ्या. मागच्या फ्रेमवरचा रंग खरवडू नका, आडव्या उजेडात शेवटचे दोन आकडे दिसतील. आणि घड्याळाच्या कंसाची भोकं फोर्कवर कुठे बसतात ते बघून या.